दोन सायकली, एक भान

गडचिरोलीहून निघून कठाणी नदीचा पूल ओलांडला की आरमोरीचा रस्ता सुरू होतो. दिवाळीच्या आगेमागे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पिवळ्या पडलेल्या असतात, हलक्या धानाची कापणी चालू असते आणि मधूनमधून साग-ऐनाचे जंगल थेट रस्त्याला येऊन भिडते. पोर्ला, ठाणेगाव करीत आरमोरी साधारण ३५ किलोमीटर. तिथून वैरागड आणखी पंधराएक किलोमीटर. एकेकाळी हिऱ्यांच्या खाणींसाठी नावाजलेल्या या गावचा जुना किल्ला पाहून त्याच रस्त्याने परतले की दिवसभरात शंभर किलोमीटरची सफर होते.

शंभर किलोमीटर ऐकायला फार वाटतात. पण रस्ता बराचसा सपाट आहे आणि थोडा सराव असलेल्या निरोगी माणसाला ताशी १८ ते २० किलोमीटरच्या गतीने हे अंतर पाच-सहा तासांच्या सायकलिंगमध्ये कापता येते. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या ‘ब्रेव्हे’ या उपक्रमात तर २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात आणि ती सर्वांत लहान पायरी मानली जाते. म्हणून असा बेत ठरला की चर्चा होते ती सायकलची. गिअर किती, टायर कोणता, सीट जेलची की साधी. वैद्यकाच्या दृष्टीने त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. सोबत कोण आहे?

हा प्रश्न केवळ गप्पांसाठी नाही. लांबच्या श्रमात शरीर थकते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण पायांच्या आधी पुष्कळदा थकते ती निर्णयशक्ती, आणि आपली निर्णयशक्ती मंदावली आहे हे ओळखायलाही तीच लागते. त्यामुळे त्या क्षणी आपल्याबद्दलची खरी माहिती आपल्यापेक्षा शेजारच्या सायकलवरच्या माणसाकडे अधिक असते.

इंजिन आणि त्याची उष्णता

सपाट रस्त्यावर मध्यम गतीने सायकल चालवताना पायडलवर साधारण १०० वॅट शक्ती लागते. मात्र मानवी स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्केच असते. म्हणजे १०० वॅट काम करण्यासाठी शरीर चारशेहून अधिक वॅट ऊर्जा खर्च करते आणि उरलेल्या तीनशेहून अधिक वॅटची उष्णता होते. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तासाभरात शरीराचे तापमान चार अंश सेल्सिअसने वाढेल. तसे होत नाही याचे श्रेय घामाला. अर्धा लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे सुकला, तर तासाभराची ही सगळी उष्णता तो घेऊन जातो.

यातला महत्त्वाचा शब्द ‘सुकला’ हा आहे. निथळून रस्त्यावर पडलेला घाम शरीराला गार करीत नाही. पाऊस नुकताच सरलेला, बांध्यांत आणि मामा तलावांत पाणी, हवेत दमटपणा आणि वर ऑक्टोबरचे ऊन, अशा दिवशी तापमापकावरचा आकडा फार मोठा नसतो. तरीही घाम सुकत नाही. सायकल पुढे जात असते तोवर वारा अंगाला लागतो आणि बरे वाटते. वारा मागून वाहू लागला, चढावर गती मंदावली किंवा फाटकाशी थांबावे लागले, की अंग एकदम पेटल्यासारखे होते. वारा पाठीशी आला म्हणून जोर लावणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. पाठीमागचा वारा श्रम कमी करतो, पण पंखाही बंद करतो.

दुसरा हिशेब इंधनाचा. या गतीने तासाला साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी खर्च होतात. स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर सुमारे २००० किलोकॅलरीची असते. चरबी मदतीला असते म्हणून हा साठा पाच तासांत संपतोच असे नाही. मात्र सकाळी उपाशीपोटी निघालेला, पहिल्या दोन तासांत जोशात गती वाढवणारा माणूस तो लवकर संपवतो. मग पाय शिसासारखे जड होतात, हात थरथरतात, डोके चालेनासे होते. यावर उपाय साधा आहे. भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. केळी, गूळ-मुरमुरे, आरमोरीच्या टपरीवरचे पोहे, दुपारचा वरण-भात यांत हे सगळे भागते. महागड्या पुड्यांची गरज नाही.

बोलणे हेच मीटर

छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळे आता सहज मिळतात. त्यांच्याइतकेच उपयोगी, फुकटचे साधन म्हणजे संभाषण. श्रमशास्त्रात याला बोलण्याची चाचणी म्हणतात. सायकल चालवताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता येत असेल, तर श्रम दिवसभर झेपण्याजोगा आहे. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर स्नायू प्राणवायूच्या मर्यादेपाशी पोचले आहेत आणि ही गती तासन्‌तास टिकणार नाही. एकटा माणूस स्वतःशी किती बोलणार? दोघे असले की ही चाचणी न ठरवता सतत चालू राहते.

सोबत्याचा शारीरिक फायदाही आहे. पुढचा सायकलस्वार हवा फोडतो, मागच्याला कमी विरोध सहन करावा लागतो. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ताशी ३२ किलोमीटर गतीला मागच्या स्वाराचा प्राणवायूचा वापर सरासरी १८ टक्क्यांनी, तर ४० किलोमीटर गतीला २७ टक्क्यांनी कमी आढळला. हौशी गतीला हा लाभ याहून कमी असतो. समोरून वारा असेल तर मात्र तो चांगलाच जाणवतो. दहा-दहा मिनिटांनी पुढेमागे होणे ही त्यामुळे निव्वळ शिष्टाचाराची गोष्ट नाही. मात्र पुढच्याच्या चाकाला अगदी चिकटून चालणे खड्ड्यांच्या रस्त्यावर धोक्याचे. दुचाकीभर अंतर ठेवावे आणि मागून ट्रक येत असेल तेव्हा जोडीने न चालता एकामागे एक व्हावे.

मैत्रीची एक काळी बाजूही आहे. दोघांपैकी एक बलवान असतो आणि दुसरा त्याच्या गतीला लाजेखातर चिकटून राहतो. असे दिवस दुसऱ्याच्या आजारपणाने संपतात. म्हणून एक नियम सोपा आणि बिनचूक आहे. गती नेहमी कमी दमाच्या माणसाने ठरवायची.

मित्र गप्प झाला तर

समजा, वैरागडहून परतताना दुपारचे दोन वाजले आहेत. सकाळपासून बडबडणारा मित्र गेला अर्धा तास काही बोललेला नाही. त्याची सायकल रस्त्याच्या कडेवरून आत-बाहेर होते आहे. “काऊन गा, गप्प झाला?” असे विचारले तर तो उगाच चिडतो किंवा “काही नाही, चल” म्हणतो. या ‘काही नाही’वर विश्वास ठेवू नये. लगेच सावलीत थांबावे. कारण शक्यता तीन असतात आणि तिघींची सुरुवात सारखीच दिसते.

पहिली शक्यता, इंधन संपले. माणूस गळालेला, भुकेजलेला, घामाघूम, हात कापणारे. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गूळ, साखरपाणी, केळे द्यावे. पंधरा-वीस मिनिटांत चेहरा बदलतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यात ही शक्यता सर्वांत आधी धरावी.

दुसरी शक्यता, उष्माघात. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, चालताना झोक जातो, उलटी होते. उष्माघातात त्वचा कोरडीच पडते असा समज पक्का रुजला आहे. उन्हाच्या लाटेत घरात बसलेल्या वृद्धांबाबत तो बहुधा खरा ठरतो. श्रम करणाऱ्याला मात्र उष्माघातातही भरपूर घाम असू शकतो. तेव्हा त्वचेकडे पाहू नये, वागण्याकडे पाहावे. तापलेले शरीर आणि बिघडलेले भान एकत्र आले, की तो उष्माघात समजून हालचाल करावी. आणि इथे क्रम महत्त्वाचा असतो. आधी गार करणे, मग दवाखान्यात हलवणे. अमेरिकेतील फाल्मथ येथील धावण्याच्या शर्यतीत १८ वर्षांत श्रमजन्य उष्माघाताच्या २७४ रुग्णांना जागेवरच बर्फाच्या गार पाण्यात बुडवण्यात आले आणि सर्वच्या सर्व वाचले. आपल्या रस्त्यावर बर्फाची टाकी नसते, पण हातपंप असतो, विहीर असते, शेतातला मोटारपंप असतो. कपडे सैल करून डोक्यापासून पायापर्यंत सतत पाणी ओतावे, गमछे ओले करून अंगावर टाकावेत, ते गरम होताच बदलावेत, वारा घालावा. एकाने पाणी ओतायचे, दुसऱ्याने १०८ला फोन करायचा. भान हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी इथे काम करीत नाही, देऊ नये.

तिसरी शक्यता अनेकांना आश्चर्याची वाटेल. पाणी फार झाले. ‘तहान लागो न लागो, पीत राहा’ हा सल्ला ऐकून काही जण दिवसभर नुसते साधे पाणी पितात. घामातून मीठ जाते, श्रमामुळे मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात आणि रक्तातील सोडियम पातळ होत जाते. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले. शर्यतीत ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, त्यांना हा धोका अधिक होता. डोकेदुखी, मळमळ, बोटांतली अंगठी घट्ट होणे, मग गोंधळ आणि झटके असा याचा क्रम. अशा माणसाला आणखी पाणी पाजणे घातक ठरू शकते. थांबवून रुग्णालयात नेणे हाच मार्ग.

मग पाणी किती प्यावे? तहानेप्रमाणे. घामाचे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असल्याने सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. सराव सफरीच्या आधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करून पाहावे. एक किलो घट म्हणजे अंदाजे एक लिटर पाण्याची उणीव. दोन टक्क्यांपर्यंतची घट शरीर निभावून नेते. वजन वाढलेले दिसले तर पाणी जास्त झाले, हे निश्चित. दोन बाटल्यांपैकी एकीत साधे पाणी आणि दुसरीत क्षारसंजीवनी किंवा मीठ-साखर-लिंबू असले म्हणजे लांबच्या दिवशी तोल राहतो. क्षारसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच घालावे. ते अर्ध्या बाटलीत दाट करून पिऊ नये.

आपल्या भागाचा वेगळा प्रश्न

पुण्या-मुंबईच्या सायकल मार्गदर्शिकांत सहसा न सापडणारा एक मुद्दा गडचिरोली-चंद्रपूरमध्ये टाळून चालत नाही. तो म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भातील अनेक समाजांत, आदिवासी आणि बिगरआदिवासी अशा दोन्ही, या जनुकाचे प्रमाण मोठे आहे. ‘एसएस’ म्हणजे सिकलसेलग्रस्त व्यक्तीला आपला आजार बहुधा माहीत असतो आणि तिने अतिश्रमाचा बेत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. प्रश्न ‘एएस’ म्हणजे वाहकांचा आहे. त्यांना काही त्रास नसतो, त्यामुळे अनेकांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसते.

वाहकाचे आयुष्य सर्वसामान्य असते आणि त्याने सायकल चालवू नये असे मुळीच नाही. पण टोकाच्या श्रमात, उष्णता आणि पाण्याची कमतरता एकत्र आली, की त्याच्याही लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. मात्र श्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका ५४ टक्क्यांनी अधिक होता. पाणी आणि उष्णतेबाबतचे कडक नियम तेथे सैनिकांना पाळावे लागतात, हे त्याबरोबर ध्यानात घ्यावे.

अशा वेळी वाहकाला मांड्या, कुल्ले, कंबर यांत दुखते आणि शक्ती गेल्यासारखी वाटते. साध्या पेटक्यात स्नायूची गाठ हाताला कडक लागते. इथे स्नायू मऊच असतो, पण माणूस उभा राहू शकत नाही. हे पुष्कळदा सफरीच्या शेवटी नव्हे, तर सुरुवातीलाच, अंग गरम होण्याआधी घेतलेल्या जोरदार धावेत किंवा चढावर होते. नंतर लघवी काळ्या चहाच्या रंगाची होऊ लागली, तर स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडात उतरले आहे असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वाहकाने पहिली वीस मिनिटे संथ चालवावी, शर्यत लावू नये, दुखताच थांबावे आणि ताप किंवा हगवणीनंतरच्या आठवड्यात लांबची सफर टाळावी. सोबत्याला आपण ‘एएस’ आहोत हे सांगून ठेवावे. यात लपवण्यासारखे काही नाही. सिकलसेलची प्राथमिक तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते आणि त्यात दोष दिसला तर पुढची चाचणी करून ‘एएस’ की ‘एसएस’ ते निश्चित केले जाते.

नाशिक आणि नागपूरचे डॉक्टर

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये महाराष्ट्राने अलीकडे जे नाव कमावले, त्यात डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५मध्ये दोघांच्या संघात, नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. एक जण चालवीत असताना दुसऱ्याने विश्रांती घ्यायची, अशी ही जोडीची रीत. २०१७मध्ये लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकेकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली.

‘एकेकट्याने’ हा शब्द मात्र अर्धाच खरा आहे. या शर्यतीत एकट्या स्वाराच्या मागेही मदतनीसांची गाडी असते. कधी खायचे, कधी झोपायचे, कधी थांबायचे हे बऱ्याच अंशी गाडीतली माणसे ठरवतात. सतरा-अठरा तास जागे राहिल्यावर माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारख्या मंदावतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. तिथे तर दिवसच्या दिवस जागरण असते. काही स्वारांच्या मानेचे स्नायू इतके थकतात की डोके वर धरता येत नाही. १९८३च्या शर्यतीतील मायकेल शर्मर या स्वाराच्या नावाने या दुखण्याला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. जगातल्या सर्वांत सरावलेल्या शरीरांनाही बाहेरच्या डोळ्यांची गरज लागते. आरमोरीच्या रस्त्यावरच्या हौशी माणसाने ती मानायला संकोच कशाला करावा?

गुडघा, हात आणि वाघ

लहान दुखण्यांची कारणे बहुतेक वेळा सायकलच्या मापात असतात. खाली पाय टेकावेत म्हणून सीट बुटकी ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यामुळे गुडघा प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि चाळीस किलोमीटरनंतर वाटीच्या पुढे दुखू लागते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर घ्यावी. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या, तर तळहाताच्या कडेची नस दबते आहे. पकड बदलत राहावी. बैठकीच्या जागी बधिरपणा आला तर तो अंगावर न काढता थोडा वेळ उभे राहून चालवावे आणि सीटचा कोन तपासावा. बधिरपणा वारंवार येत असेल तर सीट बदलावी.

या रस्त्यावरचा एक नियम मात्र फक्त जंगलाचा आहे. आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात वाघाचा वावर आहे. वडसा परिसरात २०२२च्या ऑक्टोबरमध्ये बेशुद्ध करून पकडलेल्या ‘सीटी-१’ या वाघाच्या हल्ल्यांत १३ जणांचा जीव गेला होता. म्हणून उजाडल्यावर निघावे आणि सूर्य मावळण्याच्या तासभर आधी मुक्कामी पोचावे. जंगलपट्ट्यात एकमेकांच्या नजरेबाहेर जाऊ नये. लघवीसाठी झुडपाआड एकट्याने वाकून बसणे टाळावे, दुसऱ्याने रस्त्यावर उभे राहून बोलत राहावे. वनविभागाने एखादा रस्ता बंद ठेवला असेल तर वाद न घालता परतावे.

निघण्याआधी

सायकलचा एरवीचा उपयोग कोणत्याही विक्रमापेक्षा मोठा आहे. ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६३ हजार लोकांच्या, २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सायकलने कामावर जाणाऱ्यांत कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसले. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, तरी दिशा स्पष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात तर सायकल हे हौसेच्या आधी गरजेचे वाहन आहे. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर शाळकरी मुली रोज जंगलाच्या कडेने ये-जा करतात, आणि त्याही घोळक्यानेच.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान किंवा घरात अकाली हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी पहिल्या लांब सफरीपूर्वी तपासणी करून घ्यावी. अंतर आठवड्याला थोडेथोडे वाढवत न्यावे. सफरीत छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून पुढे जाऊ नये. या वाटेवर आरमोरीला उपजिल्हा रुग्णालय आणि वैरागडला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. जंगलपट्ट्यात फोनला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे कोणत्या वेळी कुठे असू ते घरी सांगून निघावे.

शेवटची तयारी दोन मिनिटांची आहे. निघण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना चार गोष्टी सांगाव्यात: कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, सिकलसेलची तपासणी झाली आहे का, आणि घरच्या कोणाला फोन करायचा. त्यानंतर एक गोष्ट ठरवून घ्यावी. वाटेत दोघांपैकी एकाने ‘थांबू या’ म्हटले, तर दुसऱ्याने कारण विचारायचे ते सायकल उभी केल्यानंतर.